आपाच्या खाचरातली पपई

१९ मे १९४३, बुधवार
निर्णय पक्का. आजपासून मी बागायतदार.
लोणावळ्याच्या पार्सल ऑफिसात सोळा वर्षं दुसऱ्यांच्या फळांच्या करंड्या चढवतोय-उतरवतोय. आज एक करंडी फुटली, चिकू ऑफिसभर गडगडले. काय तो वास! डॅमेजचा रिपोर्ट लिहिला. रिपोर्ट अचूक असावा म्हणून दोन खाऊन पाहिले. अशी फळं माझ्या हातची का असू नयेत? अडचण एकच, जमीन नाही.
बायकोला, परवीनला, स्कीम सांगितली. ती म्हणाली, आधी खिडकीतला पुदिना जगवून दाखवा. घरच्या माणसाकडून उत्तेजन म्हणून मिळत नाही.

२३ मे, रविवार
जमिनीचा प्रश्न सुटला. देनेवाला बैठा है.
इंदुरीला आपाकडे गेलो होतो. आपा म्हणजे रोशनबी, माझी थोरली बहीण. ती उद्या कल्याणला निघाली. लेकीचं, हसिनाचं, पहिलं बाळंतपण. डॉक्टरने प्रवास नको सांगितलंय, सासू हयात नाही, म्हणून आईच लेकीकडे चालली. दिवाळीनंतर लेक-नातवंड घेऊन येणार. तोवर भाताचं खाचर माझ्यावर सोपवलंय. त्या एका खाचरावर तिचं वर्षाचं खाणं. भावजी गेल्यापासून त्यांचं आंबेमोहराचं बी तिने दरसाल पेरून जपलंय. यंदाचंही रोपासाठी एका कोपऱ्यात टाकून ठेवलंय.
मला दोनच कामं. आषाढात सावडीच्या बायका येतील (आळीपाळीने एकमेकींच्या शेतात राबतात त्या), त्यांच्याकडून लावणी करून घ्यायची. आणि मारुतीआबांना विचारल्याशिवाय बांधाला हात लावायचा नाही. आबांचं खाचर तिच्या खाचराच्या खालच्या अंगाला. मी हो म्हटलं. मनात 'हो, पण' असं होतं. त्यातलं 'पण' तिला ऐकू गेलं नाही.

३० मे, रविवार
पुस्तक वाचून प्रोग्राम आखला. पपई साठ, चिकूची कलमं बारा, अननस शंभर. पपईला दहा महिने लागतात असं छापलंय, पण ते सर्वसाधारण माणसासाठी. मनापासून केलं तर दिवाळीला पहिलं फळ यायला हरकत नाही.
आपाला कळवायचं नाही. सरप्राइज. ती टांग्यातून उतरेल आणि समोर बाग! भातात काय आहे? भात कोणीही लावतो.
थोडं चुकल्यासारखं वाटतंय. नव्या कामाच्या सुरुवातीला तसं वाटतंच.

६ जून, रविवार
कलमं, रोपं आली. पार्सल स्वतः उतरवून घेतलं, 'वरची बाजू वर' हे हमालाला चारदा ओरडून सांगितलं. इंदुरीत दिवसभर खड्डे. दोन मजूर आणि मी. मी मुख्यतः दोरी धरली.
मारुतीआबा बांधावर येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, वाहिदभाऊ, ह्ये खाचर हाय, हितं पानी तुंबतंय, पपईचं पाय भिजलं की ती मरती. मी त्यांना समजावलं की पाणी धरून ठेवते तीच जमीन फळझाडाला उत्तम, तहान म्हणून लागायची नाही. आबांनी विचारलं, बाईला ठावं हाय का? मी म्हटलं, तिचंच आहे सगळं. हे खोटं नाही. खाचर तिचंच आहे.

२७ जून, रविवार
पाऊस. खाचर भरलं. पपया घोट्याएवढ्या पाण्यात. पानं जरा पिवळी. पिवळा हा पपईचा नैसर्गिक रंग आहे.
अननस दिसत नाहीत. असतील खाली.

४ जुलै, रविवार
आज आपाच्या सावडीची पाळी. मी विसरलोच होतो! सकाळी आठला अठरा बायका इरली घेऊन बांधावर हजर. पुढे आबांच्या पत्नी बयाबाई. त्यांनी पपया पाहिल्या. मग मला पाहिलं. मग परत पपया.
मी एक्सपेरिमेंट समजावून सांगितला. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. बयाबाई एवढंच म्हणाल्या, रोशनबी आमच्या समद्यांच्या रानात राबली, आता तिचं काय लावायचं आमी?
कोपऱ्यात रोप हिरवंगार उभं, लावायला जागा नाही. शेवटी आबा म्हणाले, बी तरी जगंल, माज्या खाचरात एका अंगाला लावू. मी ताबडतोब परवानगी दिली. बायकांनी आपाचं रोप उपटून आबांच्या खाचरात लावलं. मी चहा केला. कोणी घेतला नाही. बहुधा गोड झाला होता.

१५ जुलै, गुरुवार
आपाचं पत्र. जावई गुलजारने लिहिलंय. कल्याणला रेशनचा तांदूळ मिळतो, अर्धे खडे. हसिना घास तोंडात घेते आणि म्हणते, अम्मी, आपल्या खाचरातला भात कधी खायचा? बाळाचा अकिका (नाव-जावळाची मेजवानी) इंदुरीतच करायचा, सगळ्या सावडीला नव्या तांदळाचा पुलाव घालायचा. खाली विचारलंय, लावणी झाली का?
उत्तर लिहिलं: लावणी उत्तम झाली. प्रत्येक शब्द खरा आहे. तरी पाकीट तीनदा का चिकटवावं लागलं कळत नाही. दमट हवा असावी.

१८ जुलै, रविवार
एकतीस पपया आडव्या. चिकूची दोन कलमं उरली. काहीतरी करायलाच हवं होतं.
आबा आंबीला पाहुण्यांकडे गेलेले. खाचरातलं पाणी निघालं तर उरलेली बाग वाचेल हे उघड होतं. त्यांना विचारायला आंबीपर्यंत जायचं, तोवर झाडं मेली असती. कुदळ घेतली. बांधाला फक्त हातभर चीर पाडली. अगदी हातभर.
बांधाला हातभर चीर म्हणजे किती हे पाणी ठरवतं, असं दिसतं. बघता बघता दरवाजाएवढं खिंडार झालं. सगळं पाणी, माती, धोंडे आबांच्या खाचरात. मी कोट काढून खिंडारात कोंबला. कोट गेला.
पाच वाजताची गाडी गाठली.

१९ जुलै, सोमवार
ड्यूटीवर लक्ष नाही. मिरजेची करंडी मेरठला चढवली. स्टेशनमास्तरांनी विचारलं, तब्येत ठीक आहे ना? डोळ्यांसमोर आबांचं खाचर. आपाचं रोपही त्याच गाळाखाली, हे आत्ता दुपारी जेवताना लक्षात आलं. जेवण गेलं नाही. म्हणजे एकच भाकरी.
ठराव: येत्या रविवारी सरळ आबांसमोर उभं राहायचं आणि सांगायचं. बस्स.

२५ जुलै, रविवार
गेलो. तोंड उघडणार एवढ्यात आबाच म्हणाले, खेकड्यांनी बांध पोखरला वाटतं औंदा.
मी खेकडे म्हणालो नव्हतो. ते म्हणाले. मी फक्त नाही म्हटलं नाही. उलट 'फार माजलेत' असं म्हटलं. का म्हटलं कोण जाणे!
आबा आणि बयाबाई गुडघाभर चिखलात वाकून गाळातलं रोप हाताने मोकळं करत होते. आबा साठीच्या पुढचे. पाऊस धो धो. मी दोन तास त्यांच्यावर छत्री धरली. छत्री एकच होती, त्यामुळे बयाबाई भिजल्या.

१ ऑगस्ट, रविवार
आबांना ताप. चिखलात भिजल्यामुळे. बयाबाई एकट्या रानात.
डझनभर मोसंबी घेऊन गेलो. आबा अंथरुणातून उठून बसले आणि म्हणाले, कशापायी तरास घेतला, आपल्या बागंतली असती तर गोष्ट येगळी. ते मनापासून म्हणाले की काय, ठरवता आलं नाही. मनापासून म्हणाले असतील तर जास्त वाईट.
परवीन म्हणते, तुम्ही झोपेत खेकडे खेकडे करता.

१४ ऑगस्ट, शनिवार
तार! हसिनाला मुलगा. मी मामूचा आजोबा झालो. पेढे वाटले. स्टेशनात सगळे खूश.
मागोमाग पत्र. आपाने लिहवून घेतलंय, वाहिद, तू मागे आहेस म्हणून मला खाचराची काळजी नाही. हे वाक्य मी सात वेळा वाचलं. गुलजारचं अक्षर फार स्वच्छ आहे. तेवढं स्वच्छ असण्याची गरज नव्हती.

५ सप्टेंबर, रविवार
रमजान. यंदा एकही रोजा सोडायचा नाही असा निश्चय. उपाशी माणसाची चूक माफ होते. परवीन म्हणाली, अल्लाहची माफी अल्लाहकडे, आबांची आबांकडेच मागावी लागेल. मी म्हटलं, रोज्यात वाद नको.
बागेची परिस्थिती: पपया चार. चौघींना फुलं आली! लांब देठांना लटकलेली, भरपूर. आनंदाने पुस्तक उघडलं. लांब देठाची फुलं नराची. नराला फळ येत नाही.
पुस्तक बंद केलं.

३ ऑक्टोबर, रविवार
ईद होऊन गेली. आबांकडे शीरखुर्म्याचा डबा घेऊन गेलो. रस्ताभर वाक्य पाठ केलं. अंगणात आबा दोरी वळत बसलेले. मी डबा खाली ठेवला आणि डोळे मिटून एका दमात सांगून टाकलं: बांध खेकड्यांनी नाही, मी फोडला, कुदळीने, आणि पळून गेलो.
डोळे उघडले. आबा दोरी वळतच होते. म्हणाले, ठावं हाय. खेकडा गोल बीळ पाडतो, वाहिदभाऊ. त्यो कुदळीचा घाव व्हता. आन् तुमचा कोट घावलाय खाली, बयानं धुऊन ठिवलाय.
मी विचारलं, मग त्या दिवशी खेकडे का म्हणालात? आबा म्हणाले, तुमी कवा बोलताय ते बघत व्हतो. लय दिस लावलं.
बयाबाईंनी आतून कोट आणून दिला. घडी घातलेला. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. हलकं वाटेल असं समजत होतो, तसं काही वाटलं नाही. निघताना आबांनी एकच सांगितलं, बाईला तुमीच सांगा, आमी न्हाई सांगनार.
आज रात्रीच्या आत आपाला पत्र. ठरलं.

१७ ऑक्टोबर, रविवार
पत्र लिहून तयार. खिशात आहे. ज्या माणसाच्या हातून रोज तीनशे पार्सलं जातात त्याला एक पाकीट पेटीत टाकता येऊ नये! पण अशी गोष्ट समोरासमोरच बोलावी. पत्रात माणसाचा चेहरा दिसत नाही. पत्र लिहिण्याचं मुख्य कारण तेच होतं, हे मान्य.

७ नोव्हेंबर, रविवार
आपा आली. तळेगावला टांगा घेऊन उभा होतो. टांग्यात सांगायचं ठरलं होतं. वाटेत बाळाच्या नाकाबद्दल बोललो, गुलजारच्या नोकरीबद्दल बोललो, घोड्याबद्दलसुद्धा बोललो. चार मैलांत घोड्याबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ असतं.
खाचराशी आपाने टांगा थांबवायला लावला. आजूबाजूला सगळीकडे भात कापून मळणी चाललेली. तिच्या खाचरात तण, चिखल, चार नर पपया.
ती खाली उतरली. बांधावर उभी राहिली. मी टांग्यातूनच बोलायला लागलो, पुस्तक, चिकू, सरप्राइज, सगळं उलटसुलट. ती फक्त म्हणाली, बी कुठाय?
मी म्हटलं, आबांकडे. गाळातून वाचलं तेवढं. ती तशीच आबांच्या घरी चालत गेली. दोन ओंजळी भरतील एवढं भात बयाबाईंनी काढून ठेवलं होतं. आपाने ते पदरात घेतलं, गाठ मारली, गाठीवर हात ठेवून बसून राहिली. हसिना म्हणाली, अम्मी, पुलाव नसला तर नसला. मला चार शिव्या द्याव्यात, एक थोबाडीत मारावी, असं फार वाटत होतं. मी तसं म्हणालोही. तिने ऐकलं नसावं.
पुढच्या सालापासून खाचर आबा बघतील, एवढं ठरलं. माझ्यासमोरच ठरलं. मला कोणी विचारलं नाही.

१४ नोव्हेंबर, रविवार
अकिका. पुलाव नाही. ज्वारीच्या भाकरी आणि मटण. सावडीच्या अठराही घरची माणसं आली.
भरपाई करायची म्हणून सकाळी सातलाच पोचलो. बाह्या सरसावल्या. लाकडं उचलायला गेलो, कोणीतरी घेतली. घागर घ्यायला गेलो, हसिना म्हणाली, मामू, तुम्ही बसा. आपाने स्वतः मला हाताला धरून दारातल्या जाजमावर, तळेगावच्या काझीसाहेबांशेजारी बसवलं, पाठीला लोड दिला. मला बरं वाटलं. म्हटलं, आपाने माफ केलं, उलट मान दिला.
पंगत बसली तेव्हा वाढायला माणूस कमी पडत होता. आबांनी हाक मारली, वाहिदभाऊ, मटणाची डेग धरा जरा. मी टुणकन उठलो. आपा चुलीपासून म्हणाली, राहू द्या आबा, तो पाहुणा आहे.
बसलो. जेवलो. हात धुवायला तांब्या समोर आला, पुसायला टॉवेल आला. डोळ्यांना पाणी आलं, परवीनला सांगितलं रस्सा तिखट होता.
आपाच्या लग्नापासून पंचवीस वर्षं त्या घरात मला कधी कोणी नीट बसू दिलं नाही. वाहिद पाणी आण, वाहिद कोंबडी धर, वाहिद कौलं शाकार. फार कंटाळा यायचा. आज सकाळी सातपासून संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसून होतो, एकदाही कोणी ऊठ म्हणालं नाही.