सातवी ‘ब’मधलं बाष्पीभवन

घाटकोपर पूर्व,
रविवार दुपार

तीर्थरूप रुक्मिणीआत्यास,

सुगंधाचा साष्टांग नमस्कार (खाली वाकलं की गुडघा कुरकुरतो, तरी साष्टांगच समज). तुझं बी.पी. कसं आहे? गोळ्या घेतेस, की अजून डॉक्टरचीच उलटतपासणी घेऊन त्याला परत पाठवतेस? फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर ‘बरी आहे’ म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. मागचं पत्र लाल शाईने तपासून परत पाठवलंस ते मिळालं. वेलांट्या चुकल्या होत्या, मान्य. पण खाली ‘ह्या वयात ही थेरां कित्याक?’ असा शेरा मारलास तो लागला हं मला (दुसऱ्याचं शुद्धलेखन तपासायचं आणि स्वतः शेरा मालवणीत!). अगं, एक्केचाळीस हे काय वय झालं? घरात शिकवण्या घेऊन घेऊन जीव विटला. मला तुझ्यासारखं खऱ्या वर्गात, खऱ्या फळ्यासमोर उभं राहायचंय. इथल्या एका शाळेने जूनसाठी जागा धरून ठेवलीय, फक्त बी.एड. पदरात पडायला हवं. आणि ते नेमकं एका पाठावर येऊन अडलं होतं.

झालं असं, की आमच्या कॉलेजात जयंती मॅडम मानसशास्त्र शिकवतात. बाई हसत नाहीत. (बालकाच्या आनंदावर तासभर बोलल्या, तेव्हाही नाही.) त्यांचा लाडका विषय म्हणजे प्रबलन. मुलाने बरोबर उत्तर दिलं की लगेच मान डोलवायची, शाब्बास म्हणायचं, की मूल फुलतं. सराव हवा म्हणून मी घरी राजेशवर सुरुवात केली. ओला टॉवेल पलंगावरून उचलला, शाब्बास राजेश. स्वतःचं ताट मोरीत ठेवलं, वा राजेश. थोड्या दिवसांनी बिचारा हळूच विचारतो, स्कूटर कुठे ठोकलीस? नवरा फुलला नाहीच, पण माझ्या जिभेला मात्र सवय लागली. पुढे वर्गात एक मुलगी उभी राहून म्हणाली, बाई, मला उलटी होतेय, तर मी म्हटलं, शाब्बास, अजून कोण सांगेल?

तर तो वर्ग म्हणजे मुलुंडची सातवी ‘ब’. आमच्या कॉलेजला लागून जी शाळा आहे तिथे आम्ही सगळे शिकाऊ पाठ घ्यायला जातो. आमच्या आधीचे जायचे, त्यांच्या आधीचेही जायचे. पाचवीपासून ही पोरं आमच्यासारख्यांना कोळून प्यायली आहेत. मला काय ठाऊक! मी बाष्पीभवनाचं टाचण काढलं, म्हणजे प्रत्येक मिनिटाला मी काय बोलणार आणि मुलं काय बोलणार हे आधीच लिहून ठेवलं. मुलांचे पूर्वज्ञान जागृत करावे, असं पुस्तकात आहे. म्हणून पहिला प्रश्न, मुलांनो, धुतलेले कपडे तुम्ही कुठे वाळत... एवढ्यात अख्खा वर्ग ओरडला, बाष्पीभवन! अगं, माझे आणखी चार प्रश्न हातातच राहिले की. मी टाचणात बोट फिरवत उभी, तर वर्गाची मॉनिटर जान्हवी (दोन वेण्या, आवाज हुबेहूब तुझा) अगदी मायेने म्हणाली, बाई, प्रस्तावना झाली, आता फळ्यावर शीर्षक लिहा, आणि तारीख विसरू नका, तिचे मार्क जातात. मागच्या बाकावर जयंती मॅडम लिहीत होत्या. त्यांनी शेरा दिला की बाईंचे वर्गावर नियंत्रण नसून वर्गाचे बाईंवर आहे. पाठ नापास. पुन्हा एक संधी, तीच शेवटची.

त्या दिवशी मी शाळेच्या जिन्यात बसून रडले गं. जान्हवी पाण्याची बाटली घेऊन आली. मी तिला सगळं सांगून टाकलं, जागेचं, वयाचं, तुझ्या शेऱ्याचंसुद्धा. ती म्हणाली, टेन्शन नका घेऊ बाई, मी वर्गाला समजावते.

आणि पुढच्या पाठाला वाट लागली! पोरांनी ठरवलंच होतं की आपल्याला काही म्हणजे काहीच येत नाही. धुतलेले कपडे कुठे वाळत घालता? एक जण म्हणतो, बाई, आमच्याकडे कपडे वाळतच नाहीत. दुसरी म्हणते, आम्ही ओलेच घालतो. ऊन म्हणजे काय, असंही कुणी तरी विचारलं. जयंती मॅडमचं पेन धावायला लागलं. माझं डोकंच फिरलं, आत्या. टाचण टेबलावर आपटलं, प्रबलन गेलं खड्ड्यात, आणि जान्हवीच्या बाटलीतलं पाणी डस्टरवर ओतून मी फळ्यावर दोन ठिकाणी ओले पट्टे मारले, एक पंख्याखाली, एक खिडकीजवळ. म्हटलं, बोला, कुठला आधी वाळणार?

बस्. पोरं नाटक विसरली. अर्धी पंख्यावर, अर्धी खिडकीवर, बाकांवर उभी राहून भांडताहेत, पंखा ऊन नाही देत रे, अरे पण हवा देतो ना! पंखा बंद कर, वहीने वारा घाल, एकाने तर फळ्याला गाल लावून पाहिलं. आणि मागून जयंती मॅडम उठून म्हणाल्या, खिडकी. (पंख्याखालचा पट्टा आधी वाळला. हरल्या. हसल्या!) पाठ संपल्याची घंटा झाली तरी कुणी जागचं हललं नाही. तेव्हा मला आठवलं, तू आमची पाटी ओली करून हलवायला लावायचीस आणि विचारायचीस, पाणी गेला खंय? मी तेच केलं होतं. मानसशास्त्र वगैरे काही नाही, तू आठवलीस एवढंच. मॅडमनी पाठ पास केला.

सर्वांना नमस्कार, आणि मांजरीलाही.

तुझी,
सुगंधा

ता. क. मी पेढे घेऊन सातवी ‘ब’त गेले, तेव्हा जान्हवीने खरं काय ते सांगितलं. तुम्ही टाचण सोडतच नव्हता बाई, म्हणून आम्ही तुम्हाला चिडवायचं ठरवलं, चिडलं की बाया चांगलं शिकवतात. मागच्या बाईंनापण असंच पास केलं. म्हणजे त्या वर्गाला मानसशास्त्र येत होतं, फक्त मला येत नव्हतं.

ता. ता. क. हे पत्र तू तपासणारच. तपास. वेलांट्यांच्या चुका मी मुद्दाम सोडलेल्या नाहीत, तुला सापडतीलच. पण पत्राखाली कोरी जागा ठेवलीय. नवऱ्याला, उलटी होणाऱ्या मुलीला, सगळ्यांना वाटून झालं, पण तुझ्या पाटीसमोर बसायचे तेव्हापासून आजवर तू मला एकदाही शाब्बास म्हणाली नाहीस. मला ते हवंय गं आत्या. लाल शाईत चालेल.