फॉर्म भरल्यानंतरचं पान

३ मार्च, सकाळ
बायको तिच्या बहिणीकडे गेली. कायमची वगैरे नाही, राग आलाय. परवा गिऱ्हाइकासमोर मी एवढंच म्हणालो की पडदे शिवणारी काय, कुणीही मिळते. धंद्याचं बोलणं होतं ते. एकोणीस वर्षं दुकानाचे पडदे तीच शिवतेय, त्यामुळे नको तिथे हळवी होते.
तिचा नंबर ब्लॉक केला. फक्त दोन दिवस. जरा किंमत कळू दे.

५ मार्च
वेबसाइटवाल्या बाई आल्या. म्हणाल्या, गिऱ्हाईक वेबसाइटवर चौकशीचा फॉर्म भरतं, 'धन्यवाद, लवकरच संपर्क करू' एवढं वाचतं नि निघून जातं. ते धन्यवादाचं पान फुकट घालवू नका. माणूस त्या क्षणी तुमच्यावर खूश असतो. तिथे कूपन द्या, एखादा प्रश्न विचारा, मित्रांना कळवायचं बटण ठेवा.
अगदी माझ्या मनातलं बोलल्या. संकल्प: पान असं करायचं की ती परत आल्यावर बघतच राहील.
जाता जाता म्हणाल्या, आलेले फॉर्म रोज बघत जा. मी सांगितलं, ते खातं बायकोचं. फॉर्म वाचणं, फोन करणं, मापं घेणं तिच्याकडे. माझ्याकडे मार्केटिंग.

७ मार्च, दुपार
पानावर माझा फोटो टाकला. काउंटरवर कोपर टेकून, हसरा. शर्टाला इस्त्री स्वतः केली, कॉलर जळाली. फोटो कापून गळ्यापासून वरचाच ठेवला.
संध्याकाळी पानावर एकजण आलं! बाईंनी मोबाइलवर तक्ता दिलाय, त्यात दिसतं. चार मिनिटं थांबलं. वाचायला अर्धं मिनिट पुरतं.
तिचा फोन नाही. ताठा बघा.

९ मार्च, रविवार
भात करपला. पातेलं भिजत घातलंय, कालचंही त्याच्याच शेजारी आहे.
एकदा वाटलं, जावं न्यायला. चपलाही घातल्या. पण बोलावल्याशिवाय कसं जायचं? आपल्याला काही मान आहे की नाही?
नंबर अजून ब्लॉकच आहे. पण खरंच बोलायचं असेल तर माणूस मार्ग काढतो.

१० मार्च
सात तारखेचंच गिऱ्हाईक परत! तोच मोबाइल, असं तक्ता म्हणतो. या खेपेला दहा टक्क्यांचं कूपन आणि प्रश्नही ठेवला होता: 'आमच्याबद्दल तुम्हाला कुठून कळलं?' उत्तर दिलंय म्हणे. काय दिलंय ते फॉर्मांच्या खात्यात दिसतं, आणि त्याचा पासवर्ड तिच्याकडे. तिला विचारायचं म्हणजे आपण नमलो.

१४ मार्च
दातांच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्ट बाई तणतणत आल्या. फॉर्म भरून नऊ दिवस झाले, कुणी फोन केला नाही, आता पडदे दुसरीकडे शिवायला टाकले म्हणाल्या. मी शांतपणे विचारलं, धन्यवादाचं पान कसं वाटलं? पान बघायला फॉर्म भरला नव्हता म्हणाल्या. असतात काही खडूस.
शिवणाऱ्या दोघी येऊन गेल्या. पहिली जेवायला म्हणून गेली ती गेलीच. दुसरीने अस्तर बाहेरून लावलं. मिळतात, पण वेळ लागतो.

१८ मार्च, संध्याकाळ
तिसऱ्यांदा! तेच गिऱ्हाईक! पानावर मी कालच मोठ्या अक्षरांत घातलं होतं: 'तुम्ही आमच्या घरचेच आहात.' अकरा मिनिटं थांबलं. अकरा!
घरात बोलायला कुणी नाही. मशीनवर कापड झाकून ठेवलंय, तिकडे बघवत नाही. आपलं लिहिलेलं एवढा वेळ कुणीतरी वाचतंय, या विचारानेच डोळे भरून आले. हे गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं नाही.

२२ मार्च
बाई आल्या. फॉर्म एकदाही उघडले नाहीत म्हणून आधी माझ्यावर चिडल्या, मग पासवर्ड बदलून दिला, फॉर्म उघडून समोर ठेवले नि चहा प्यायला बाहेर गेल्या. अकरा फॉर्म. त्यातले तीन तिचे.
पहिला सात तारखेचा. 'अहो, फोन लागत नाही म्हणून इथे लिहितेय. रविवारी न्यायला या. मी काही म्हणणार नाही.'
दुसरा दहाचा. 'काल बॅग भरून बसले होते. येत नाही एवढं तरी कळवायचं.' त्याच्याखाली माझा प्रश्न, आमच्याबद्दल कुठून कळलं? तिचं उत्तर: 'मामांनी स्थळ आणलं होतं.'
तिसरा अठराचा. 'इथल्या शिवणाच्या कारखान्यात नोकरी धरली. आता येऊ नका. बीपीच्या गोळ्या संपल्या असतील, आणा.'
आणि तिन्ही वेळा पुढे तिला माझा हसरा फोटो दिसला.
नंबर मोकळा केला. लावला. तिने लगेच उचलला. मागे मशिनांचा खडखडाट. चुकलो म्हणायचं होतं. ये म्हणायचं होतं. आणि तोंडातून निघालं काय, तर धन्यवादाचं पान कसं वाटलं?
ती म्हणाली, छान झालंय. सुपरवायझर बघतेय म्हणाली नि फोन ठेवला.
बाई परत आल्या तेव्हा मी फोन कानाला लावून रडत होतो.