रिकाम्या घराची पट्टी

नागापूर, नगर
सोमवार, २९ मार्च १९७१

तीर्थस्वरूप सौ. भागूआक्का यांना लंकाचा वाकून नमस्कार.

वर नागापूर वाचून दचकू नका. आम्ही सगळे खुशाल आहोत. शिंगणापुरी तुम्ही, दाजी आणि लेकरंही खुशाल असाल. दिवाळीला तुम्ही ओटी न घेताच उठलात, त्यानंतर माझ्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही. तेव्हा हे तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी आनंदाचं सांगते. तुमच्या भावाला आता लेथवर घेतलंय, त्यामुळे आरशासमोर जरा जास्तच वेळ उभे राहतात. चिमी कारखान्याचा भोंगा ऐकला की "बाबा आले" म्हणून दाराकडे पळते. भोंगा दिवसातून तीनदा होतो, बाबा एकदाच येतात. पण तिची आशा काही सुटत नाही. शेजारच्या गोजरबाईंनी कालच वाटीभर मेतकूट दिलं. तुमच्याकडचं बरं आहे आक्का, घराला दारच नाही, मग कुलूप-किल्लीची कटकट कुठली! माझ्या कनवटीला सध्या दोन घरांच्या किल्ल्या आहेत.

हे लिहिलं तसं आत्याबाईंचंही लिहायलाच हवं. इतका वेळ तेच टाळत होते.

तुम्ही दिवाळीत म्हणालात, "आईला काष्टीतून हलवलंत तर मला माहेर उरायचं न्हाई." त्यावर आम्ही कुणी ब्र काढला नाही. नागापूरच्या दोन खोल्या बांधून तयार होत्या, पण हे इकडे भाड्याच्या खोलीत चौघांत झोपायचे आणि मी आत्याबाईंजवळ काष्टीत. आत्याबाईंशिवाय घरभरणी नको, म्हणून नवं घर तसंच बंद. शिमगा झाला आणि इथल्या ग्रामपंचायतीनं त्या बंद घराची घरपट्टी मागितली.

आत्याबाईंना कळलं मात्र, त्या चवताळल्याच. "ज्या घरात अजून चूल पेटली न्हाई, त्याची कसली पट्टी? मला घिऊन चल. म्या बोलते." पहाटेच्या गाडीला निघालो. त्यांच्या काखेत एक गाठोडं होतं. मी धरू म्हटलं तर देईनात.

पंचायतीत कारकून होते, गोरक्षनाथ म्हणून, वयानं तुमच्याएवढेच. आत्याबाईंनी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. बिचाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजी, पट्टी घराला असते. तुमी राहा न्हाईतर कुलूप लावा, ती चुकत न्हाई."

"म्हंजी राह्यलं काय, न राह्यलं काय, सारखंच?"

"व्हय."

"मग राहून भरते की!"

मला वाटलं, रागानं बोलल्या. पट्टी भरली आणि घर बघायला गेलो. आत्याबाईंनी दोन्ही खोल्यांच्या भिंतींवरून हात फिरवला, खिडकी उघडली, मागची मोरी पाहिली. मग पूर्वेच्या भिंतीच्या कोनाड्याखाली बसल्या आणि गाठोडं सोडलं. आक्का, आत देवाचे टाक होते. खंडोबा, भवानी, सगळे, तुमच्या लग्नातल्या पिवळ्या खणात बांधलेले.

मी नुसती बघत राहिले. त्या म्हणाल्या, "बघती काय? ह्यो कोनाडा कुनासाठी ठिवलाय? जा, शेजारनं चुलीला इस्तू आन."

म्हणजे त्या भांडायला आल्याच नव्हत्या. यायचं त्यांनी काष्टीतच ठरवलं होतं.

रात्री जेवताना तुमच्या भावानं विचारलं, "आये, मग दिवाळीपासनं न्हाई न्हाई का म्हनत हुतीस?" तर म्हणाल्या, "भागीला वाईट वाटंल म्हनून. मला काय, तू हितं, पोरगी बापाला वळखना झालेली, अन् म्या तिथं भिंतीला राखन बसू?"

तेव्हा आक्का, आम्ही त्यांना हलवलेलं नाही. त्या स्वतःच्या पायांनी आल्या. एवढं तुम्हाला कळावं म्हणून इतकं लांबण लावलं.

आता खरी अवघड गोष्ट. काष्टीचं घर रिकामं झालं. बैलबाजारातला भिमाजी व्यापारी लगेच आला. त्याला जनावरं बांधायला ते घर विकत हवंय. तुमचे भाऊ म्हणाले, "एक रिकामं घर भरलं, तर दुसऱ्याची पट्टी गळ्यात पडली. दिऊन टाकू." आत्याबाई ताटावरून उठल्या. त्या दिवशी जेवल्याही नाहीत नीट.

मी मात्र बोलले. कधी नव्हे ती नवऱ्यासमोर आवाज चढवून बोलले.

तुम्हाला हे मी कधी सांगितलं नाही. आई-दादा गेल्यावर आमच्या भावानं पाथर्डीचं घर विकलं, आणि मला ते तिसऱ्याच माणसाकडून कळलं. मागं एका लग्नाला तिकडे गेले होते, तेव्हा मुद्दाम आमच्या गल्लीतून गेले. ओट्यावर एक बाई धान्य पाखडत होती. तिनं विचारलं, "कोन पायजे?" मी म्हटलं, "कुनी न्हाई." आणि पुढं निघाले. चांगली बाई होती, पाणी विचारत होती. पण मला त्या दारात पाणी पिववलं नाही.

तुमच्यावर ती वेळ यायला नको.

पाडव्याच्या आधीच्या शनिवारी मी एकटीच काष्टीला गेले. दुधाच्या पैशांतून थोडे बाजूला टाकलेले होते, त्यातून तिथली घरपट्टी भरली. कारकून हसायला लागला. "बाई, ऱ्हात्या घराची मानसं भरीनात, तुमी रिकाम्याची कशापायी भरता?" मी म्हटलं, "आमच्या वन्सं यायच्यात." भिमाजीलाही बाजारात गाठून नाही म्हणून सांगितलं. तुमचे भाऊ दोन दिवस घुश्श्यात होते. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "पावसाळ्याआधी काष्टीचे पत्रे बघून येतो."

आखितीच्या सणाला या. आधी काष्टीतच उतरा. मी आणि आत्याबाई चार दिवस आधी जाऊन सारवून ठेवतो. तिथं पोटभर राहा, भांडायचं असेल तर माझ्याशी भांडा, आणि दिवाळीची राहिलेली ओटी घ्या. मग सगळी मिळून नागापूरला येऊ. उत्तर नाही पाठवलंत तरी चालेल, मी स्टेशनावर उभी असेन.

तुमच्या माहेरची,
लंका