कॅमेऱ्यावरचा टॉवेल

तीर्थरूप बाबांना नमस्कार, आणि स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्यावरचा तो टॉवेल आधी काढा.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र लिहितेय. आम्ही मजेत आहोत. नातीचा दात पडला. तिकडे पाणी वेळेवर येतं ना?

शेजारच्या काकू सांगत होत्या, कॅमेरा बिघडलाय म्हणून तुम्ही झाकून ठेवलाय. त्यांचा मुलगा त्यांच्याजवळच राहतो, कॅमेरा लावायची वेळच आली नाही, त्यांना काय कळणार कॅमेऱ्यातलं! पण तुम्ही उगीच कंपनीला दोष देऊ नका. कॅमेरा उत्तम चालतो. ऑफिसात डबा खाताना मी रोज तुम्हालाच बघते. तुम्ही उभ्याउभ्या पातेल्यातूनच जेवता, बरं दिसत नाही ते.

मंगळवारी घसरून पडलात, तेही बघितलं. कॅमेऱ्याकडे बघून कितीतरी वेळ हात हलवत होतात. माझी मीटिंग सुरू होणार होती, आणि शेवटी ओट्याला धरून तुम्ही उठलातच की! मग फोन कशाला करायचा? एवढ्यावरून कुणी रुसून बसतं का?

गुडघा कसा आहे? उत्तर लिहायचा त्रास घेऊ नका. टॉवेल काढलात की दिसेलच.

तुमची लाडकी लेक