वारा न मोजलेली उडी

दि. ६ मे २०२४

प्रति,
मा. क्रीडाधिकारी,
नगरपालिका, मोंतेरावो

विषय : मैदानाच्या नव्या नामफलकावर माझ्या ६ मीटर १८ सेंटिमीटरच्या उडीची नोंद करण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. २२ एप्रिलचे नकाराचे पत्र.

महोदय,

मी झेलिंदा तारोझ्झी, वय ८४, निवृत्त लांबउडीपटू, पुन्हा एकदा अर्ज करते की,

१. रविवार, दि. ३ जून १९६२ रोजी आपल्याच मैदानावर प्रांतिक स्पर्धा होती. पुरुषांच्या शर्यती लांबल्या आणि मुलींच्या उडीला दुपारचा एक वाजला. वारा मोजणारे पंच श्री. अदेल्मो ग्वाल्तिएरी यंत्र पेटीत घालून जेवायला निघाले. मी वाट अडवली, तर म्हणाले, "बाळ, आईने पास्ता पाण्यात टाकला असेल, तो कुणासाठी थांबत नाही. आणि तुम्हा पोरींच्या उडीला कसला आलाय वारा!" सगळे हसले. मीही हसले. तो राग अजून गेलेला नाही.

२. तिसऱ्या उडीनंतर वाळू ओढणारा म्हातारा नेल्लो ओरडला, "पंख लावलेस काय गं पोरी? इतक्या लांब माझं दंताळं कधी गेलं नव्हतं!" पाठीवर वारा नव्हता याची नोंद नाही म्हणून विक्रम नामंजूर झाला. राष्ट्रीय संघात पाच मीटर सत्त्याण्णववाली गेली. पुढच्या वर्षी माझा गुडघा गेला. पण वाळूचा वास आला की पाय अजून मोजू लागतात : एकोणीस पावले, मग फळी.

३. वारा नव्हता, याचा पुरावा मी दिला होता. वर्तमानपत्रातल्या छायाचित्रात मी हवेत आहे आणि मागे मैदानालगतच्या नेल्लोच्या घराच्या सज्ज्यात वाळत घातलेली चादर सरळ, ओळंब्यासारखी लोंबते आहे. आपण कळवलेत, "चादर हे मान्यताप्राप्त उपकरण नाही." आपल्या कार्यालयातल्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "सिन्योरा, त्या दिवशीच्या वारापंचांची सही आणा, लगेच शिक्का मारते." ते पंच वारले, महोदय.

४. आणि आता मैदानाला त्यांचेच नाव देत आहात, "वक्तशीर पंच" म्हणून. ते वक्तशीर होते, हे मी शपथेवर सांगेन. त्यांच्या कन्येला पुष्पगुच्छ देण्यासाठी मला बोलावले आहे. समारंभ अकराला, कारण पाहुण्यांना वेळेवर जेवता यावे.

तरी विनंती की, त्यांच्या नावाखाली माझी उडी एका ओळीत कोरावी. ते जमत नसेल, तर फुले दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावीत.

तेही बाजूस ठेवा. अनावरण दुपारी एक वाजता करा आणि फलकावर सोबतची चादर घाला. ती हलली, तर मी अर्ज मागे घेईन. मात्र ती बघायला जेवण सोडून कुणीतरी थांबले पाहिजे.

अजूनही आपली नम्र,
झेलिंदा तारोझ्झी

सोबत :
१. छायाचित्र
२. चादर, नेल्लोच्या मुलीने जपलेली (धुऊन, इस्त्री करून)