केळं, किरणोत्सर्ग आणि आमची सोसायटी

१९ जानेवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. घरात कोणी वाचू नये म्हणून कपाटात ठेवणार. कोणी वाचेल असं वाटत नाही, पण काळजी घेतलेली बरी.

संकल्प: सोसायटीच्या गेटवरच्या फळ्यावर रोज एक अचंबित करणारी गोष्ट लिहायची. विज्ञान, संस्कृती, तंत्रज्ञान, समाज, आळीपाळीने. माणसं खानदेशातून इथे गुजरातेत येतात, नवागामला राहतात, पांडेसऱ्याच्या कापड मिलमध्ये कामाला जातात, परत येतात, जेवतात, झोपतात. कुतूहल नावाची वस्तू नाही. मी मिलमध्ये फोल्डिंगला सुपरवायझर असलो तरी माझं वाचन वेगळ्या लेव्हलचं आहे. सेक्रेटरी वाल्मिकभाऊंनी फळ्याचा वरचा अर्धा भाग दिला. खालचा सूचनांसाठी.

पुढचा प्लॅन: तीन महिन्यांत सगळा डिंडोली भाग, मग पुस्तक.

२० जानेवारी, मंगळवार
पहिली गोष्ट: ऑक्टोपसला तीन हृदयं असतात.

प्रतिसाद जबरदस्त. म्हणजे बाजीराव काका थांबले. रेल्वेतून रिटायर झालेत, वेळ असतो. त्यांनी विचारलं, अटॅक आला तर कुठल्या हृदयाला येतो. हे पुस्तकात नव्हतं. म्हणालो, सविस्तर नंतर लिहीन.

२२ जानेवारी, गुरुवार
शुक्रावरचा एक दिवस तिथल्या एका वर्षाहून मोठा असतो.

पंडित, लूमवर असतो, दुसऱ्या मजल्यावरचा. वाचून बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं विश्वाचा विचार करतोय. मग म्हणाला, म्हणजे एकाच पाळीत दिवाळी येऊन जात असेल, सुट्टी कधी देतात. अशा लोकांमध्ये काम करायचंय.

२६ जानेवारी, सोमवार
झेंडावंदनानंतर चार शब्द बोलण्याची तयारी केली होती. विषय: मानव आणि जिज्ञासा. वाल्मिकभाऊंनी लगेच जलेबी-फाफडा वाटायला सुरुवात केली. माईक चालू होता. माणसं नव्हती.

३० जानेवारी, शुक्रवार
आज संस्कृती. फिनलंडमध्ये बायकोला पाठीवर घेऊन पळण्याची स्पर्धा असते.

बायका फळ्यासमोर उभं राहून हसत होत्या. चांगलं लक्षण. बायको, उज्ज्वला, मात्र सरळ वर आली. मजुरीवर आणलेल्या साड्यांवर खडे चिकटवत बसली. जेवताना म्हणाली, फिनलंडचं राहू द्या, आधी गॅसची बाटली तिसऱ्या मजल्यावर आणा. घरातूनच पाठिंबा नसेल तर माणूस काय करणार. बाटली आणली. कंबर धरली.

२ फेब्रुवारी, सोमवार
आज खरा धमाका. खानदेशी माणसाच्या काळजाचा विषय: केळं. केळ्यात पोटॅशियम असतं, त्यातला अगदी थोडा भाग किरणोत्सर्गी असतो. म्हणजे प्रत्येक केळं किंचित किरणोत्सर्गी. शंभर टक्के खरं.

मोठ्या अक्षरात लिहिलं: केळं किरणोत्सर्गी असतं. दुसऱ्या ओळीत: प्रमाण नगण्य, खुशाल खा. पण वाल्मिकभाऊंनी टाकीच्या सफाईची लांबलचक सूचना लिहिताना माझी दुसरी ओळ पुसली. मी भांडलो नाही. सुज्ञ वाचकाला पहिली ओळ पुरते.

३ फेब्रुवारी, मंगळवार
गर्दी! आयुष्यात पहिल्यांदा उद्गारचिन्ह वापरतोय. लोक फोटो काढत होते. शेजारच्या तीन सोसायट्यांच्या ग्रुपवर फोटो गेला. मिलमध्ये डायिंगच्या माणसाने विचारलं, ते तुम्हीच का. मी नुसता हसलो.

हर्षदा म्हणाली, पप्पा, त्यांना वाटतंय केळ्याने कॅन्सर होतो. ती बीएस्सीला आहे. नव्या पिढीला आधी नकारात्मक दिसतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार
ड्युटीवरून आलो तर घरात छगन बसलेला. गेटबाहेर केळ्यांची लारी, म्हणजे हातगाडी, लावतो तो. आमच्याच चोपड्याकडचा. इतकी वर्षं ओळख, पण घरी पहिल्यांदा आला. उज्ज्वलाने चहा दिला होता, तो त्याने तसाच ठेवला होता.

म्हणाला, “भाऊ, तुम्हीन काय लिखेल शे? लोके केळा लेतस नही. हात लावाले घाबरतस.”

त्याला पोटॅशियम समजावलं. अणू, अणूचं केंद्र, सगळं. कागदावर चित्रही काढलं. तो लक्षपूर्वक ऐकत होता. शेवटी विचारलं, समजलं ना. तो म्हणाला, “मले समजनं, भाऊ. पन केळा लेवाले मी येस का?”

शिवरात्रीसाठी त्याने नेहमीपेक्षा जास्त माल सांगून ठेवलाय. परवापर्यंत सगळं सुरळीत करून देतो, असा शब्द दिला. उज्ज्वलाचा चेहरा बरोबर नव्हता. तिला विज्ञानाचा ताण येतो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
खुलासा लिहिला: केळ्यातील किरणोत्सर्ग फार कमी आहे. नागरिकांनी घाबरू नये.

परिणाम उलटा. तळमजल्यावरच्या सुंदरा मावशी सोमवार, एकादशी, सगळे उपास धरतात. त्या म्हणाल्या, मागे हजीऱ्याच्या कारखान्यांकडे गॅसचा वास सुटला तेव्हाही आधी असंच सांगितलं होतं, घाबरू नका. त्यांनी घरातली केळी गायीला घातली. मग गायीची काळजी वाटून गायीमागे दोन गल्ल्या फिरल्या.

७ फेब्रुवारी, शनिवार
मुद्दा आणखी सोपा केला. लिहिलं: माणसाच्या शरीरातही किरणोत्सर्ग असतो. शेजारी झोपणाऱ्याकडूनही तो आपल्याला मिळतो. मग केळ्याला का भ्यावं?

आज उज्ज्वलाने गादी हर्षदाच्या खोलीत टाकली. विचारलं तर म्हणाली, फळ्यावर वाचलं. चेष्टा होती असं वाटतं. गादी मात्र खरोखर नेली.

१० फेब्रुवारी, मंगळवार
छगनची लारी भरलेली दिसते, सकाळी तशीच संध्याकाळी. मी येता-जाता मुद्दाम हात करतो, त्याला धीर यावा म्हणून. तो पण हात करतो. आधी मला पाहून हाक मारायचा.

हर्षदा म्हणाली, पप्पा, पुसून टाका आणि लिहा की चूक झाली. चूक झालीच नाही तर चूक झाली कसं लिहायचं? विज्ञान पुसता येत नाही. उज्ज्वला म्हणाली, फळा पुसता येतो. मायलेकींची युती आहे.

मी ठरवलंय. प्रात्यक्षिक. रेडिएशन मोजायचं यंत्र ऑनलाइन मागवलं. शनिवारी संध्याकाळी, शिवरात्रीच्या आदल्या दिवशी, सगळ्यांसमोर केळ्याला लावून दाखवायचं. काटा हलणार नाही. लारी तासाभरात रिकामी. छगनलाही कळवलं. म्हणाला, “तुम्ही म्हनतस तं करा.”

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
यंत्र आलं. हिरवा दिवा, लाल दिवा, शिट्टी. माहितीपत्रक चिनी भाषेत. हर्षदाने खोक्यावरचं इंग्रजी वाचलं. म्हणाली, पप्पा, हे मोबाइल आणि वायरिंगसाठीचं आहे, केळ्यासाठीचं नाही. म्हणालो, रेडिएशन ते रेडिएशन. तिने दोन्ही हात जोडले आणि अभ्यासाला गेली. मी घरातल्या केळ्याला लावून पाहिलं. हिरवा. बटाट्याला, हिरवा. उज्ज्वलाच्या कपाळाला लावू पाहिलं, तिने लावू दिलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार
जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. नंतर लोक वेगळं सांगतील.

माणसं भरपूर. पंडित, बाजीराव काका, सुंदरा मावशी, बाजूच्या सोसायटीतले. छगनने लारी धुऊन, घड नीट मांडून ठेवले होते. स्वच्छ शर्ट घातला होता. मी थोडक्यात प्रस्तावना केली. थोडक्यातच, पण मागून कोणी तरी म्हणालं, चालू करो ने भाई.

यंत्र पहिल्या घडाला लावलं. हिरवा. दुसऱ्या घडाला. हिरवा. सुंदरा मावशी एक पाऊल पुढे आल्या. छगन पिशवी उघडायला लागला. मी वाल्मिकभाऊंना म्हणालो, सेक्रेटरी म्हणून तुम्हीच जवळून बघा. ते वाकले. त्यांचा मोबाइल शर्टच्या वरच्या खिशात. नेमका त्याच क्षणी त्यांच्या मेव्हण्याचा फोन आला.

यंत्राने शिट्टी मारली. लाल दिवा. थांबेचना. मला बटण सापडेना.

माणसं मागे सरली. कोणी ओरडलं नाही, नुसती मागे सरली, त्याचंच वाईट वाटलं. मी मोठ्याने सांगत होतो की हे मोबाइलमुळे आहे, केळ्यामुळे नाही. वाल्मिकभाऊ फोनवर बोलत बाजूला गेले तशी शिट्टी बंद झाली. लोकांच्या लक्षात एवढंच राहिलं की मी यंत्र केळ्यापासून उचललं आणि शिट्टी बंद झाली.

उघडलेली पिशवी छगनने परत घडी करून ठेवली.

तांत्रिक दोष मेव्हण्याचा. माझी पद्धत बरोबर होती.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र
सगळ्यांनी उपासाला रताळी आणली. उज्ज्वला सकाळीच खाली गेली आणि दोन्ही हातांनी पेलतील तेवढी केळी घेऊन आली. दिवसभर आम्ही तिघं केळी खातोय. मी म्हणालो, हा विज्ञानावरचा विश्वास. ती म्हणाली, “विज्ञान नाही. छगनची बायको माझ्यासोबत खडे चिकटवते. तिच्या डोळ्याला डोळा भिडवायचाय मला उद्या.”

मला हे माहीत नव्हतं. ती सांगत नाही काही.

संध्याकाळी खिडकीतून पाहिलं. छगन काळी पडलेली केळी वेगळी काढत होता. बरीच होती. खाली जावं असं वाटलं. काय बोलायचं ते ठरेना म्हणून गेलो नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार
गेटबाहेर लारी नाही. काल पण नव्हती. वॉचमन म्हणाला, उधना स्टेशनकडे गेला, तिकडे लावतो आता. धंद्याच्या दृष्टीने उधना चांगलं. एका अर्थाने त्याची प्रगतीच झाली.

हे उज्ज्वलाला सांगितलं. तिने खड्यांची डबी मिटली. म्हणाली, रविवारी तुम्ही तिकडे जाणार. मी म्हणालो, बघू. ती म्हणाली, बघू नाही.

फळ्यावर दोन दिवस काही लिहिलं नाही. कोणी विचारलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार
उधन्याला गेलो. रस्त्यात मनात मांडणी केली: आधी दिलगिरी, त्यात फार न गुंतता मोबाइलचा मुद्दा, मग पोटॅशियमचे फायदे, शेवटी भविष्यातल्या सहकार्याची दिशा.

छगन पुलाखाली दिसला. गर्दी होती. ट्रेनमधून उतरलेली माणसं, बॅग काखेत, केळी घेऊन चालायला लागतात. त्याने मला पाहिलं आणि म्हणाला, “या भाऊ.” मी सुरुवात केली, हे बघ छगन, त्या दिवशी. तेवढ्यात तो म्हणाला, “भाऊ, सकायपासून चहा नही पेयेल. पाच मिनिट लारी देखा.”

विश्वासाने दिली. बरं वाटलं. मी लारीच्या मागे उभा राहिलो.

एक बाई आली, कडेवर मूल. तिने घड उचलला, मुलाने आधीच एक केळं हातात धरलं होतं. तिने गुजरातीत विचारलं, मीठां छे? गोड आहेत, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, गोड तर आहेतच, शिवाय पोटॅशियम भरपूर. ती हसली. मी म्हणालो, आणि त्यातलं जे थोडंसं किरणोत्सर्गी असतं, त्याला घाबरायचं कारण नाही.

तिने मुलाच्या हातातलं केळं सोडवलं. मूल रडायला लागलं. ती गेली.

छगन चहाचा ग्लास घेऊन मागेच उभा होता. कधी आला कळलं नाही. त्याने सगळं ऐकलं असावं. मला वाटलं, आता बोलेल. त्याने ग्लास माझ्या हातात दिला, स्वतःचा चहा. म्हणाला, “प्या भाऊ. मंग घर जा. आते मी देखी लिसू.”

रागाने नाही. घरातल्या म्हाताऱ्याला म्हणावं तसं.

चहा प्यायलो. दिलगिरी राहून गेली. घरी आलो तर उज्ज्वला दारातच. काय बोलणं झालं, विचारलं. म्हणालो, काही नाही, चहा पाजला त्याने.

ती दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, बरं, जेवून घ्या.

उद्यासाठी काही ठरवलेलं नाही.