रुमालाखालचा भाव

९ नोव्हेंबर १९९४, बीड

दिवाळीची सुट्टी संपली. वर्ग रिकामेच, शिरूर कासारकडची मुलं आईबापांबरोबर उसाला गेली. नवं आर्थिक धोरण शिकवायला घेतलं. खुल्या बाजारात भाव सगळ्यांना माहीत असतो, असं पुस्तकात आहे ते वाचून दाखवलं आणि हसू आलं. मुलांना वाटलं, सर बिघडले.

दुपारी प्राचार्यांचं बोलावणं. दिल्लीच्या डॉ. मन्मथ शेटेंचा सत्कार करायचा, २६ तारखेला. "आपल्या नेकनूरचा माणूस परदेशात गाजतोय आणि आपण झोपलेलो. मानपत्र तुम्ही लिहा. एम.ए.ला बरोबर होतात ना?"

होतो म्हटलं. औरंगाबादला एका खोलीत होतो. त्याच्यावर जीव होता, त्याचा माझ्यावर. पुढं दुसऱ्या कुणावर बसला नाही. हे मानपत्रात मावायचं नाही, म्हणून इथं.

१० नोव्हेंबर

आक्काला सांगितलं. भाकरी थापता थापता थांबली. भाऊजी गेल्यापासून माझ्याकडेच असते, माझ्या तोंडावरचं तिला लगेच कळतं.

"मन्मथ येणार हाय? लई दिवसांनी. शेंगदाण्याची चटणी करते, त्याला आवडायची." मग भाकरी तव्यावर टाकत, "तू दाढी कर उद्या. कसा झालायस."

१३ नोव्हेंबर, रविवार

मानपत्राला बसलो. म.चं कार्य लिहायला सोपं. नेकनूरच्या बैलबाजाराचा अभ्यास, त्यावरूनच त्याचं नाव झालं. दलाल आणि घेणारा समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव करतात. भोवती गर्दी, पण भाव दोघांनाच ठाऊक. मोठमोठ्या पंडितांना तो मागासलेपणा वाटायचा. म. म्हणाला, याच्यात भरवसा आहे. पडका भाव चारचौघांत फुटला तर विकणाऱ्याची पत जाते, पुढचं गिऱ्हाईक त्याच्याही खाली मागतं. आडोसा आहे म्हणून माणूस खरं बोलतो. हे त्यानं गणितानं मांडलं आणि जगानं ऐकलं.

सुट्टीत आम्ही दोघं दर रविवारी त्या बाजारात. त्याच्या वडिलांचं किराणा दुकान तिथंच, पायरीवर आमचं बस्तान. दलालांकडून बोटं शिकलो. सराव करतो म्हणून आम्हीही रुमाल टाकून बसायचो. आमचा निळ्या चौकड्यांचा. सगळ्या गावासमोर दोन पुरुष हातात हात घेऊन बसलेत आणि कुणाला काही वाटत नाही, अशी जागा मी पुन्हा पाहिली नाही. पुढं पुढं बोटांचे अर्थ आम्ही आमचेच केले. एक बोट, कंटाळा आला. दोन बोटं, चहा. सगळा हात धरला की, माझ्याबरोबर चल. उत्तर रुमालाखालीच द्यायचं, बाजारासारखं.

सुखाचे दिवस होते. तेव्हाही माहीत होतं की सुखाचे आहेत.

१७ नोव्हेंबर

कॉलेजात त्याचा फोन. शिपाई धावत बोलवायला आला.

"परभ्या, जिता हायस का बे अजून?"

"हाय की."

"मानपत्रात फार फुगवू नको. आन् रुमाल हाय का तुज्याकडं?"

आहे म्हटलं. त्यानं ठेवल्यावरही रिसीव्हर कानालाच धरून उभा राहिलो. कारकून माझ्याकडे बघत होता.

वडिलांनी मुलगी बघितली तेव्हा म. सरळ म्हणाला होता, "आप्पा, मला बायकू नको. परभ्या हाय." आप्पांनी त्याला घराबाहेर काढलं. तो दिल्लीला निघाला, मला चल म्हणाला. आक्का नुकतीच माझ्याकडे आलेली, पोटी मूल नाही, जवळ काही नाही. मी राहिलो. त्यानं कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

२२ नोव्हेंबर

प्राचार्यांनी मसुदा तपासला. शेवटी स्वतःचं एक वाक्य घातलं: "त्यांनी संसाराचा मोह टाळून अर्थशास्त्राशीच लग्न लावले."

मी म्हटलं, हे नको.

"कावून? लोकं विचारतील ना, बायकापोरं कुठं हायती. आपण आधीच सांगून टाकू."

मोठ्या माणसाचं जीवन आणि कार्य म्हणतात. कार्य ठेवायचं, जीवनावर हार घालायचा. ज्या अर्थशास्त्रज्ञांची नावं आम्ही फळ्यावर लिहितो त्यांतही असे कितीजण असतील. कुणी सांगितलं नाही, मीही वर्गात कधी विचारलं नाही. आज फार राग आला. वाक्य तसंच टाईप होऊन आलं.

२६ नोव्हेंबर, रात्री

सभागृह भरलेलं. म.चे केस पिकलेत, पोट सुटलंय, चाल तीच. आधी आक्काच्या पाया पडला.

मानपत्र वाचायला उभा राहिलो. लग्नाच्या वाक्यापाशी आलो आणि ते गाळलं. त्याच्या जागी तोंडातून आलं ते असं: "नेकनूरच्या बाजारातला अभ्यास दोघांनी केला. दुसरा मी. ते एकटे नव्हते." लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना काय समजलं देव जाणे. प्राचार्य कागद चाळत बसले.

शेजारच्या खुर्चीत येऊन बसलो. म.च्या मांडीवर सत्काराची शाल. त्यानं तिचं टोक माझ्या हातावर ओढलं, समोर अख्खं बीड बसलेलं, आणि शालीखाली माझा सगळा हात धरला. एक बोट नाही, दोन नाहीत. सगळा.

मी उत्तर द्यायच्या आत फोटोवाला आला. "सर, शाल जरा नीट खांद्यावर घ्या." म.नं हात काढला आणि शाल घेतली.

जाताना एवढंच म्हणाला, "उद्या बाजार हाय. आप्पांच्या दुकानाच्या पायरीवर बसतो. सांजच्यापर्यंत."

२७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी उठलो तर दोरीवर निळा रुमाल. आक्कानं ट्रंकेतून काढून धुतला होता.

"तुला कुणी सांगितलं?"

"मला काय दिसत न्हाई व्हय? त्यो गेला तवापासनं तुला जेवण गोड लागत न्हाई." मग चहा ओतत, "माजी काळजी करू नको. धाकट्या जाऊबाई सारख्या बोलवत्यात पालीला." हे खोटं आहे. पालीच्या सासरहून तिला कुणी कधी बोलावलं नाही. तिला माहीत आहे की मला माहीत आहे.

नोकरी आहे, घर आहे, आक्का आहे. तिकडे तो आहे. इतक्या वर्षांनी विचारलं, तेही त्याच जुन्या पद्धतीनं, की नाही म्हणालो तरी चारचौघांत कळू नये.

अकराची नेकनूरची गाडी. चटणीची पुडी पिशवीत घातली. रुमाल वाळलेला नाही, ओलाच घेतला. बोटं काय सांगतील ते मला अजून ठाऊक नाही.